शेजारच्या आजोबांची वेर्दिक्यो

सत्यनारायणाच्या पूजेला वाइनची बाटली घेऊन जाणारा शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधला पहिला मराठी माणूस मी. निदान दुसरा कुणी अजून पुढे आलेला नाही.

त्याचं असं झालं. २००३ सालच्या डिसेंबरात नागपूरच्या एका तरुण जोडप्याने आमच्यापासून वीस मिनिटांवर घर घेतलं आणि पूजा घातली. आमच्या बेसमेंटमध्ये एक कपाट होतं. इथल्या बहुतेक मराठी घरांत असतं. कुणीतरी दिलेल्या, आपल्याला नको असलेल्या, पण दुसऱ्या कुणाला तरी चालतील अशा वस्तू त्यात ठेवायच्या आणि बोलावणं आलं की त्यातली एक उचलून निघायचं. एक फोटोफ्रेम तर चार घरं फिरून आमच्याकडे परत आली होती, आतल्या अनोळखी गोऱ्या जोडप्यासकट. तर त्या सकाळी बायको वरून ओरडली, "अहो, कपाटातली निळी पिशवी आणा, त्यात चांदीचं निरांजन आहे!" कपाटात निळ्या पिशव्या दोन होत्या. दुसरी मीच महिन्यापूर्वी ठेवली होती आणि पार विसरलो होतो. हातात घेतल्यावर पिशवी जड लागली, तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की यंदा हिने निरांजन जरा सढळ हाताने घेतलंय.

पिशवी चौरंगाशेजारी इतर भेटींच्या रांगेत बसली. भटजींनी शिंपडलेल्या पाण्याचे चार थेंब तिच्यावरही पडले. आम्ही दोन वाट्या शिरा खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी यजमानाचा फोन आला. हसू दाबत बोलत होता.

"काका, प्रसाद आम्ही केला होता. तीर्थ तुम्ही आणलंत होय?"

मला क्षणभर काही कळेना. मग एकदम कळलं. ती बाटली माझी नव्हतीच. ती दुसऱ्याची होती, माझ्याकडे ठेवायला दिलेली.

आमच्या डाव्या हाताला एक इटालियन आजोबा राहत. ऐंशीच्या उंबरठ्यावर, गवंडीकाम करून निवृत्त झालेले. शिकागोच्या आसपासच्या कितीतरी घरांच्या विटा त्यांच्या हातच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वयंपाकघरातल्या झाडूने लोटत होतो. ते त्यांच्या दारातून पाच मिनिटं बघत राहिले, मग एक फावडं घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ओळख. आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणत. त्यांना त्याचा अर्थ सांगितला होता. ते नुसतीच मान हलवत, पण हाक मारली की ओ देत.

२००३च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. माझी नोकरी गेली आणि त्यांच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. मी हे दोन्ही एका वाक्यात लिहितोय, पण तेव्हाही माझ्या डोक्यात ते तसेच एका वाक्यात असायचे, आणि त्याची मला लाज वाटायची. त्यांची मुलगी त्यांच्याकडे राहायला आली होती, पण तिची शाळेतली नोकरी होती. मला कुठेच जायचं नव्हतं. म्हणून दर मंगळवारी त्यांना केमोला मी नेऊ लागलो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला एक कारण मिळालं, हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला ते न सांगताही माहीत होतं.

गाडीत ते त्यांच्या भावाबद्दल बोलत. धाकटा भाऊ गावीच राहिला होता, इटलीच्या पूर्वेला, मार्के नावाच्या डोंगराळ प्रांतात. तिथे वेर्दिक्यो नावाची द्राक्षं होतात. पिकली तरी हिरवटच राहणारी, आणि म्हणे दुसरीकडे कुठे लावली तर तशी होत नाहीत. त्यांची पांढरी वाइन करतात, तिचंही नाव वेर्दिक्यो. भावाची स्वतःची चार ओळींची बाग होती. तो घरापुरतीच वाइन करायचा आणि सगळं गाव त्याला हसायचं, कारण तो आळशी होता. सगळ्यांची तोडणी उरकून दोन आठवडे झाले की हा कात्री शोधायला लागायचा.

"पण त्यामुळेच," आजोबा सांगत, "त्याच्या वाइनच्या शेवटी मध लागायचा. वेर्दिक्यो कुणाचीही घे, शेवटी किंचित कडू लागते, कडू बदामासारखी. त्याच्या वाइनमध्ये आधी बदाम आणि मग मध. आळशी माणसाचा मध."

मी मान डोलवायचो. मला बदाम ठाऊक होता आणि मध ठाऊक होता. वाइन मी उभ्या जन्मात चाखली नव्हती.

भाऊ आदल्या वर्षी वारला. आजोबा मातीला गेले आणि येताना आपण लोणच्याच्या बरण्या आणतो तशा स्वेटरमध्ये गुंडाळून दोन बाटल्या घेऊन आले. पुतण्याने जमीन विकली. नव्या मालकाने वेली उपटून सूर्यफूल लावलं. म्हणजे त्या दोन बाटल्यांनंतर ती वाइन संपली. एक त्यांनी ख्रिसमसला एकट्याने बसून प्यायली. दुसरी राहिली.

नोव्हेंबरात एका दुपारी ते सपाता घालून, कोटाखाली काहीतरी लपवून गवतातून आमच्या मागच्या दाराशी आले. डॉक्टरांनी दारू बंद सांगितल्यावर मुलीने घरातलं सगळं बाहेर फेकायला काढलं होतं. ही एक त्यांनी बुटांच्या खोक्यात लपवून वाचवली होती. साधी हिरवी बाटली, छापील लेबल नाही. कागदाची एक पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर भावाच्या हातचं, पेन्सिलीने लिहिलेलं वर्ष.

"ही तुझ्याकडे ठेव. ट्रीटमेंट संपली की आपण उघडू. चांगला रिपोर्ट आला तरी उघडू, वाईट आला तरी उघडू."

"माझ्याकडे सेफ राहील," मी म्हणालो. नेमके हेच शब्द. आमच्या शाळकरी मुलांच्या हाती लागू नये म्हणून मी ती निळ्या पिशवीत घालून त्या कपाटात ठेवली. घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणून.

आता फोनवर काय बोलायचं होतं? "अरे, चूक झाली, ती बाटली माझी नाही, आत्ता येऊन घेऊन जातो." इतकं साधं वाक्य. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ते यायला हवं. पण पूजेला दिलेली वस्तू परत मागायची? तीही नागपूरहून आलेल्या त्याच्या आईसमोर? आणि तो हसत होता. बेकार काका, त्यात विसरभोळे, असं त्याने घरोघर सांगितलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अरे, ती मुद्दामच आणली तुमच्यासाठी. खास इटलीची आहे. वेर्दिक्यो. दुकानात मिळत नाही अशी."

"काका, तुम्ही पण छुपे रुस्तम हां!" तो खूश झाला. "आई आहे तोवर तर नाहीच उघडणार. ती म्हणते ही घरात नको."

"मग जपून ठेव," मी म्हणालो. मनात म्हटलं, आई परत गेली की कधीतरी सहज घरी जाऊ, गोष्ट काढू, बदली दुसरी देऊ. तोवर बाटली तिथे काय नि आमच्या कपाटात काय.

बायकोने हे सगळं शेजारी उभं राहून ऐकलं होतं. "आत्ता फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता हसतील आणि विसरतील. नंतर मागितलीत तर हसणार पण नाहीत."

मी लावला नाही. पुढच्या आठवड्यात लावतो म्हणालो. मग थंडी वाढली, मंगळवार येत राहिले, आजोबांना जिना चढता येईना. फोन राहून गेला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी ट्रीटमेंट थांबवली. मी गाडी आणायला गेलो होतो. परत आलो तर ते लॉबीत व्हीलचेअरवर बसलेले, मांडीवर टोपी. त्यांनी स्वतःच सांगितलं, हवामान सांगावं तसं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "रविवारी ये. बायकोलाही घेऊन ये. बाटली आण."

त्यांना घरी सोडून मी तसाच त्या नागपूरकराकडे गेलो. तो कामावर होता. त्याची आई दारात आली. मी काहीबाही सांगितलं, तुमच्याकडे एक पिशवी राहिली होती वगैरे. त्या म्हणाल्या, "ते होय! मी म्हटलं, देवाच्या घरात ते नको. गॅरेजमध्ये ठेवलंय बघा."

गॅरेज तापवलेलं नव्हतं. जानेवारीत आमच्याकडे पारा शून्याच्या कितीतरी खाली जाऊन बसला होता. बाटली रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पोत्याशेजारी, गाडीच्या काचा धुवायच्या निळ्या पाण्याच्या कॅनमागे उभी होती. आतली वाइन गोठून फुगली होती आणि तिने बूच अर्ध्याहून जास्त वर ढकललं होतं. मग वितळून, पुन्हा गोठून, बरीचशी बाहेर सांडली होती. पिशवीचा तळ चिकट झाला होता. उरलेली जेमतेम अर्धी होती आणि तिचा रंग काळ्या चहासारखा झाला होता.

"खराब झालं का हो?" त्याच्या आईंनी विचारलं. "आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

"नाही नाही, असंच असतं हे," मी म्हणालो. त्या महिन्यात माझ्या तोंडून खोटं फार सहज निघत होतं.

घरी येऊन बाटली ओट्यावर ठेवली. बायकोने वास घेतला आणि तोंड फिरवलं. व्हिनेगरचा वास. 

"आहे तशी न्या," ती म्हणाली. "झालं ते सांगा. चिडतील. चिडू देत."

"मरणाऱ्या माणसाला जाऊन सांगू, की तुमच्या भावाची शेवटची वाइन मी सत्यनारायणाला दिली आणि त्यांनी ती गॅरेजमध्ये नासवली?"

"हो."

"आणि हे व्हिनेगर समोर ठेवू?"

"ते व्हिनेगर त्यांच्या भावाचं आहे," ती म्हणाली. "आपलं नाही. त्याचं काय करायचं ते आपण नाही ठरवायचं."

ती मुलाला क्लासला सोडायला गेली. मी ती अर्धी बाटली सिंकमध्ये ओतली. विचार करून ओतली असं म्हणायची सोय नाही. समोर नको वाटली म्हणून ओतली. नळ सोडला, वर भांडी घासायचा साबण ओतला आणि वास जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मग कागदाची पट्टी भिजू न देता बाटली गरम पाण्याने विसळली. दारूच्या एका मोठ्या दुकानात जन्मात पहिल्यांदा गेलो. गल्ल्याच गल्ल्या. कुणी ओळखीचं मराठी माणूस भेटू नये म्हणून टोपी कपाळावर ओढली होती, आणि आत शिरल्या शिरल्या देशी किराणा दुकानाचे मालकच भेटले. त्यांनीही टोपी ओढलेली होती. आम्ही एकमेकांना पाहिलंच नाही. काउंटरवरच्या मुलीला मी आजोबांचा शब्द त्यांच्याच उच्चारात सांगितला. तिने लांब मानेची, कमरेत बारीक अशी एक बाटली काढून दिली. "माशांबरोबर छान लागते," ती म्हणाली. मी तिचे आभार मानले, जसा काही मी रोज मासे करून हिचीच वाट बघत असतो.

शनिवारी दुपारी नरसाळ्याने ती वाइन आजोबांच्या बाटलीत भरली. तेच नरसाळं, ज्याने आम्ही तेल ओततो. बायकोला म्हटलं, जरा बाटली धर. तिने धरली.  जुनं बूच हातोडीने हळूहळू आत ठोकलं, आणि वर थोडंसं मेण लावलं, दिवाळीच्या मेणबत्तीचं. काम इतकं सफाईने झालं, की त्यातल्या त्यात मला बरं वाटलं. खोटी नोट छापणाऱ्यालाही असंच वाटत असणार.

रविवारी दुपारी गेलो. त्यांचा पलंग आता बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी आणला होता. मुलीने आधीच सांगितलं, "आता काहीही प्यायले तरी चालेल." हे बोलताना तिने आवाज खाली आणला नाही. त्यांना सगळं माहीतच होतं.

आजोबांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. पेन्सिलीच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. भावाला सातचा आकडा नीट काढता येत नसे, म्हणाले. बघ, अजूनही नाही आला. त्या बाटलीत खरं एवढंच होतं, ती पट्टी, आणि त्यांचा अंगठा बरोबर तिथेच गेला. 

मुलीने बूच काढलं. पाणी प्यायचे साधे काचेचे पेले मांडले, भाऊ त्यातूनच प्यायचा म्हणून. चौघांना थोडी थोडी ओतली. बायको आधी नको म्हणणार होती. मग तिने पेला घेतला.

आजोबांनी एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळायला वेळ लागला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता कळणार. कळावं, असंही आत कुठेतरी वाटत होतं. सगळं एकदाचं बाहेर आलं असतं.

"काही नाही," ते म्हणाले. "काहीच लागत नाही. नुसतं लोखंड. औषधांनी सगळंच लोखंड झालंय."

त्यांनी पुन्हा एक घोट घेतला. पुन्हा मान हलवली. पेला चादरीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू पी. पी आणि मला सांग."

मी प्यायलो. आंबट होती. आधी हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखी, मग काहीच नाही, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे थोडी कडसर. बदामात एखादा कडू निघतो ना, थुंकायच्या आत गिळला जातो, तसं.

"शेवटी कडू आहे," मी म्हणालो. "कडू बदाम."

त्यांनी डोळे मिटले. "हां. आणि त्याच्यानंतर?"

त्याच्यानंतर काही नव्हतं. मी आणखी एक घोट घेतला, खरोखर शोधायला. नव्हतं. दुकानातली वाइन होती, वेळेवर तोडलेल्या द्राक्षांची, आपलं काम चोख केलेल्या कुठल्यातरी माणसाची. खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज तेवढा चालू होता.

"मध आहे?" त्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"आहे," मी म्हणालो.

"किती?"

"पुष्कळ. दोन आठवड्यांचा."

ते हसले. हसताना त्यांना खोकला आला, मुलीने उठून पाठ धरली. "आळशी," ते भावाला म्हणाले, त्यांच्या भाषेत, पण तो एक शब्द गाडीत इतक्या वेळा ऐकला होता की मला ओळखता आला. मग त्यांचे डोळे पाझरायला लागले. मुलगीही रडायला लागली. माझी बायको पेला हातात धरून खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसली होती. तिचा पेला रिकामा होता. ती शेवटपर्यंत प्यायली होती.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. मी रोज जाऊन बसायचो. मंगळवारीही गेलो. ती बाटली त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवायला लावली होती. उरलेली वाइन आतच होती, कुणी प्यायली नाही. झोपेत असताना त्यांचा हात तिच्याकडे जायचा, आणि मी तो हात धरून पुन्हा पांघरुणाखाली घालायचो. दोनदा मनाशी ठरवलं की आज सांगायचं. पहिल्यांदा नर्स आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, फक्त मी होतो आणि ते जागे होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या नोकरीचं काय झालं?" मी म्हटलं, "होईल काहीतरी." आणि तेवढ्यावरच ते राहिलं.

चर्चमध्ये मोजकी माणसं होती. बाहेर पडताना मुलीने माझे दोन्ही हात धरले. शेवटच्या दिवसांत ते तिला सारखे सांगत होते म्हणे, की शेजाऱ्याला मध लागला. भावाचा मध लागला. इतक्या वर्षांनी कुणातरी परक्याला त्याची वाइन कळली. "तुम्ही ती इतकी जपून ठेवलीत," ती म्हणाली. "मी तर फेकलीच असती." मग ती मागच्या माणसांकडे वळली. मी तिथेच उभा राहिलो. बायकोने कोपराला धरून मला गाडीकडे नेलं.

घरापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना काळा पडलेला बर्फ.  अर्ध्या वाटेत मलाच राहवलं नाही.

"शेवटी समाधान तर झालं ना त्यांचं?" मी म्हणालो.

"झालं असेल," ती म्हणाली. ती पुढे बघत होती. "मध नव्हता त्यात. मी पण प्यायले ना." मग म्हणाली, "त्यांना कशाचीच चव कळत नव्हती, अहो. तुम्ही सिंकमध्ये ओतलीत ती नेली असती तरी त्यांना चालली असती. ती तरी त्यांच्या भावाची होती."